मिस्त्रींचा उजवा पाय

गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबायच्या आधीच मिस्त्री तिचं दुखणं सांगायचे. बॉनेट उघडायची गरज नाही, गाडीवाल्याने तोंड उघडायचीही गरज नाही. आतल्या अंगाला बसून, हातातला पाना तसाच धरून, डोळे मिटून ते ऐकायचे आणि म्हणायचे, "पट्टा गेलाय." किंवा, "पाण्याचा पंप रडतोय, लवकर आणली असतीस तर बरं झालं असतं." आणि तेच निघायचं. शेजारचा टायरवाला तर म्हणायचा, हा माणूस लग्नाच्या आधी बायकोला बघायला गेला नसणार, ऐकायला गेला असणार.

यावर मिस्त्रीणबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. "गावातल्या झाडून सगळ्या इंजिनांचं यांना ऐकू येतं. माझं काय ते येत नाही."

मिस्त्रीणबाई हे नाव गल्लीने दिलेलं. खरं म्हणजे त्यांचा स्वतःचा धंदा होता. पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, पायांनी चालवायचं शिलाई मशीन होतं, आणि शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, हॉटेलातल्या पोरांचे एप्रन असं काही ना काही त्याच्यावर सदा चालू असायचं. मशीनच्या बाजूला इस्त्रीचं टेबल, टेबलावर पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, आणि जिकडेतिकडे बटणं. मिस्त्री जेवायला बसले की ताटाखाली एखादं बटण हमखास सापडायचं.

घरासमोर उभी असायची ती मिस्त्रींची जुनी, चौकोनी, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची गाडी. गुरांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव. पत्र्याला ओरखडा आला तर मिस्त्रींना दिवसभर जेवण जायचं नाही. बाईंनी तिचं नाव ठेवलं होतं, सवत. "सवतीला आंघोळ घातलीत का?" असं त्या रविवारी सकाळी विचारायच्या, आणि मिस्त्री बादलीतून मान वर न काढता म्हणायचे, "घालतोय."

आता एवढं सगळं छान चाललेलं असताना बाईंना वयाच्या पन्नाशीनंतर गाडी शिकायचं खूळ कुठून आलं? तर ते खूळ नव्हतं. त्यांची ताई डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची. आई लहानपणीच गेली, तेव्हा या ताईनेच बाईंना न्हाऊमाखू घालून, वेण्या घालून, धपाटे घालून वाढवलं होतं. ती ताई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर धरून खुर्चीपासून पलंगापर्यंत जायची, पण दिवसभर खिडकीत बसून वाट बघायची. तिकडे जायला दोन बसा बदलाव्या लागत. पोचेपर्यंत दुपार, आणि चहा पिऊन होतोय न होतोय तोवर परतीच्या बसची वेळ.

"मी नेतो ना तुला," मिस्त्री म्हणायचे. आणि मनापासून म्हणायचे, त्यात खोट नव्हती. पण बाई तयार होऊन, डबा भरून, पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या की नेमकं कुणाचं तरी इंजिन धूर ओकत यायचं. "थांब जरा. एवढं केलं की निघूच." मग एवढ्याचं तेवढं व्हायचं, तेवढ्याची संध्याकाळ व्हायची, आणि ताई खिडकीत. एकदा असाच डबा परत रिकामा करताना बाईंचा बांध फुटला. "मला कुणाच्या मागे मागे फिरायचं नाही. माझी बहीण आहे. मला वाटेल तेव्हा मी जाणार. मला गाडी शिकवा."

मिस्त्रींनी शिकवायला सुरुवात केली. गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी. आणि इथून त्या घरात रविवारची शांतता संपली म्हणायची.

गाडी चालू करणं, गिअर टाकणं, वळवणं, मागे घेणं, सगळं बाईंना झटकन जमलं. आयुष्यभर सुईखालून कापड सरळ नेलेला हात तो, तो कशाला चुकतोय. पण गाडी थांबवली की गेली! ब्रेक दाबून उभी केली की दोनतीन गचके द्यायची, अंगात वारं आल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची.

"क्लच सोडलास!"

"नाही सोडला."

"अगं सोडलास, म्हणून तर बंद पडली. दाबून धर म्हणतो ना मी!"

"दाबूनच धरलाय. बघा तरी."

मिस्त्री बघायचे नाहीत, कारण बघायची गरजच नव्हती. हीच गाडी ते स्वतः रोज चालवत होते. सिग्नलला, चौकात, बाजाराच्या गर्दीत, कुठेही एकदासुद्धा बंद पडत नव्हती. मग दोष कुणाचा? ते बाईंना बाजूला सरकायला सांगायचे, स्वतः बसायचे, मैदानाला एक चक्कर मारायचे, थांबायचे, आणि गाडी काय छान उभी राहायची म्हणून सांगू. "बघ. काही झालंय का तिला?" असं म्हणताना त्यांचा आवाज जरा चढा असायचा, हे कबूल करायला हवं.

बाईंना ते पटलं. हेच तर वाईट झालं. त्या दुपारी मशीनवर बसून नुसत्या डाव्या पायाने पेडल दाबून धरायची सवय करू लागल्या. परीक्षेला गेल्या तेव्हा गाडी चढावर बंद पडली. परीक्षक खिडकीशी वाकून म्हणाला, "बाई, केवढ्या थरथरताय. मन शांत करून परत या." परत गेल्या, तर गाडी फाटकाशीच बंद पडली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चप्पल काढली, आपल्या डाव्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हाच मेला दगा देतो."

तिसरी परीक्षा ठरली होती, पण तिच्या आदल्या आठवड्यात बाईंनी जेवताना जाहीर केलं, "मी नाही जाणार. रद्द करून टाका. काही लोकांना नसतं जमत, मला नाही जमत. बसने जाईन मी, त्यात काय."

मिस्त्री "बरं" म्हणाले. आता खरं ते सांगायचं तर त्यांना आतून थोडं सुटल्यासारखं झालं. गाडी त्यांची राहणार होती. पण बायकोचा उतरलेला चेहरा बघून ते लगेच म्हणाले, "उद्या जाऊ ताईकडे. गॅरेज बंद ठेवतो." आणि नवल म्हणजे खरंच बंद ठेवलं.

निघाले. बाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत ताईच्या गाऊनला लावायची बटणं. गावाबाहेर पडताच रेल्वेचं फाटक लागलं आणि ते बंद होतं. पुढे एक टेम्पो, मागे गाड्यांची रांग. मिस्त्री निवांत बसले, गाडी छान गुरगुरत उभी होती. बाई बटणांची पुडी उघडून मोजायला गेल्या आणि पुडी सटकली. बटणं सगळी मिस्त्रींच्या पायांकडे.

"थांबा, हलू नका," म्हणत बाई खाली वाकल्या. एक बटण उचललं, दुसरं उचललं, आणि मग त्या तशाच वाकून राहिल्या.

"सापडली का?" मिस्त्रींनी विचारलं.

"अहो," खालून आवाज आला, "तुमचा उजवा पाय काय करतोय?"

"काय करणार? ब्रेकवर आहे."

"टाच ब्रेकवर आहे. चवडा बाजूच्या रेसच्या पेडलवर आहे. आणि तो चवडा हलतोय. दाब, सोड, दाब, सोड. मी मशीनवर बारीक टीप घालते ना, अगदी तस्सा."

"काहीतरीच काय!"

पण ते काहीतरीच नव्हतं. मिस्त्री ज्या वर्कशॉपमध्ये काम शिकले तिथे सगळ्या गाड्या खटारा, बॅटऱ्या मेलेल्या, एकदा इंजिन बंद पडलं की ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. तिथल्या म्हाताऱ्याने त्यांना पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की थांबलास तरी चवड्याने रेस देत राहायची. गाडी कधी मरू द्यायची नाही. तो धडा पायात इतका मुरला होता की पायाला आता मिस्त्रींना विचारायचीही गरज वाटत नव्हती. आणि ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक इंजिनाचं ऐकलं, त्याला आपल्याच गाडीची खोड आपलाच पाय रोज झाकतोय हे कधी ऐकू आलं नव्हतं.

बाई सरळ बसल्या. केस विस्कटलेले, मुठीत बटणं. "पाय काढा," त्या म्हणाल्या.

"अगं, फाटक उघडेल आता."

"उघडू दे. चवडा उचला."

मिस्त्रींनी चवडा उचलला. गाडी क्षणभर तशीच चालली, मग एक उचकी दिली. मग दुसरी. आरसा हलायला लागला, पुढच्या टेम्पोची दोन दोन चाकं दिसायला लागली, बाईंच्या मांडीवरचा डबा खडखडला, आणि सवत जागच्या जागी गतप्राण झाली. नेमकं तेव्हाच फाटक उघडलं. मागून भोंग्यांचा असा काही गजर झाला की विचारू नका.

मिस्त्रींनी घाईघाईने किल्ली फिरवली. फाटक ओलांडून कडेला गाडी घेतली. बाई हसतील, टोमणा मारतील, ताईला सांगून दोघी मिळून सोलून काढतील, असं त्यांना वाटलं होतं. पण बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"म्हणजे माझा पाय चांगला होता," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून चांगला होता."

मिस्त्रींनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं.

ताईकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकांना मिस्त्रींनी हात जोडून परत पाठवलं आणि सवतीला आत घेतलं. टायरवाला डोकावला. "कुणाची आहे?"

"फार महत्त्वाच्या गिऱ्हाइकाची," मिस्त्री म्हणाले आणि बॉनेट उघडलं.

सकाळी गार इंजिन चालू केलं तेव्हा खोड दिसली नाही. बरोबरच होतं, गार असताना चोक ओढलेला असतो, इंजिन मुळातच जोरात पळतं. मिस्त्रींनी ते तापू दिलं, चोक आत ढकलला, आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसते उभे राहिले. आली उचकी. गाडी उभी असताना, पाय न लावता इंजिन जे सावकाश चालतं त्याला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. सवत स्लो धरत नव्हती. ठेका असा, की तीन पावलं नीट टाकावीत आणि चौथ्याला ठेचकाळावं.

मिस्त्रींनी प्लग काढले. चारही स्वच्छ, विटकरी रंगाचे. तरी नवे घातले. उचकी तशीच. प्लगच्या वायरी बदलल्या, पॉइंटमधलं अंतर पातळ पट्टीने तपासलं, कार्बोरेटर खोलून त्याची बारीक बारीक भोकं फुंकून साफ केली. परत जोडून चालू केलं. तीन पावलं नीट, चौथ्याला ठेच.

दुपारी बाई डबा घेऊन आल्या. खरं तर राग अजून गेला नव्हता, पण उपाशी ठेवण्याएवढा राग त्यांना कुणाचाच करता येत नसे. डबा बाकावर ठेवून त्या निघणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "तुझी ती इस्त्रीची पाण्याची बाटली आणतेस का? फवाऱ्याची."

"कपडे इस्त्री करणार आहात?"

"अगं, ही कुठून तरी हवा खातेय. इंजिनात पेट्रोल आणि हवा मापात जायला हवी. कुठेतरी फट पडलीय आणि तिथून वरची हवा आत घुसतेय. जोरात पळताना कळत नाही, स्लोवर कळतं. पाणी मारून बघू. ज्या जागी फट असेल तिथे पाणी क्षणभर बूच मारेल आणि ठेका सुधारेल."

"हवा खातेय," बाई म्हणाल्या. "सवतच ती. नवऱ्याच्या पैशावर हवा खाणार नाही तर काय करणार."

पण बाटली आणली, आणि मिस्त्रींच्या हातात दिली नाही. "तुम्ही ऐका. फवारा मी मारते."

मग ते दोघं त्या उघड्या बॉनेटवर दोन बाजूंनी वाकले. मिस्त्री बोट दाखवायचे, बाई बारीक फवारा मारायच्या. कार्बोरेटरच्या बुडाशी मारला, काही नाही. सांध्यांवर मारला, काही नाही. पाणी तापल्या लोखंडावर चुर्र करून उडून जायचं. इंजिनाच्या पाठीमागून, अगदी कोपऱ्यातून, ब्रेककडे जाणारा एक जाड रबरी पाइप होता. वरून बघितला तर अगदी धडधाकट. मिस्त्री पुढे जायला निघाले होते.

"याच्या खालून नाही मारायचं?" बाईंनी विचारलं. "कापड आधी उलट्या बाजूनेच विरतं." आणि हात वाकडा करून त्यांनी पाइपच्या पोटावर फवारा सोडला.

ठेका बदलला. एकदम गुळगुळीत, मग पुन्हा ठेच.

"परत!" मिस्त्री ओरडले.

बाईंनी परत मारला. पुन्हा गुळगुळीत. मिस्त्रींनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं होतं, की बाईंचा राग तिथेच अर्धा वितळला. पाइप काढून वाकवला तेव्हा दिसलं, पोटाला नखभर लांबीची चीर. गार असताना मिटलेली, तापलं की उघडणारी. नवा पाइप बसवला, स्लोचा स्क्रू केसभर फिरवून जुळवला. मिस्त्रींनी बाईंना स्टिअरिंगमागे बसवलं. "आता दोन्ही पाय काढ."

बाईंनी पाय काढले. गाडी चालत राहिली. चालतच राहिली. आरशातली टायरवाल्याची पाटी स्पष्ट वाचता येत होती.

"माझं चुकलं," मिस्त्री खिडकीशी येऊन म्हणाले.

"काय म्हणालात? इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही."

"माझं चुकलं, म्हटलं! तुझा पाय चांगला होता. मी उगाच ओरडलो तुझ्यावर, इतके महिने."

"अजून थोडं मोठ्याने. टायरवाल्याचं दुकान लांब आहे."

"मला आलं ऐकू, वहिनी!" टायरवाल्याने आपल्या दुकानातून हाक दिली.

परीक्षा रद्द झालीच नव्हती. मिस्त्रींनी "बरं" म्हणूनही केली नव्हती, आळसाने म्हणा, नाहीतर कशाने म्हणा. बाई गेल्या. चढावर गाडी उभी केली, आणि परीक्षक वाट बघत राहिला, की आता बंद पडेल, मग बंद पडेल. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "चला पुढे." पुढे गेल्या. पास.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पिशवी घेऊन, डबा घेऊन, गाडीत बसल्या. मिस्त्री हात पुसत धावत आले. "थांब जरा, मी शटर ओढतो आणि येतो बरोबर. डोंगराचा रस्ता आहे, वळणं आहेत."

"तुम्ही या की नंतर," बाई म्हणाल्या, "दोन बसा आहेत." आणि गेल्या.

त्या दिवशी मिस्त्रींचं कामात चित्त नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तेल घालायला गेले आणि झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले. रस्त्यावरून कुठलंही इंजिन गेलं की कान टवकारायचे. वळणावर समोरून ट्रक आला तर? चढावर मागे सरकली तर? टायरवाला म्हणाला, "पोचेल की, वहिनी हुशार आहे." मिस्त्री म्हणाले, "ते मला माहीत आहे." तरी जीव टांगणीलाच.

फोन वाजला तेव्हा तेलकट हातानेच त्यांनी तो उचलला. ताई होती.

"जावईबुवा, आली हो तुमची बायको. पण आत येत नाहीये."

"का? काय झालं?"

"मला काय माहीत? मी खिडकीतून बघतेय. दारात गाडी उभी केलीय, पण बंद करत नाहीये. आणि पाय वर घेऊन बसलीय सीटवर, चक्क मांडी घालून! मी हाक मारली तर नुसती हात हलवते. मघापासून तशीच."

"गाडी थरथरतेय का?" मिस्त्रींनी विचारलं.

"गाडी कसली थरथरतेय, ती अगदी गप आहे. हीच थरथरतेय. हसतेय की रडतेय तेच मेलं कळत नाही. बोलावू का आत?"

मिस्त्रींनी डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला.

"नको, ताई," ते म्हणाले. "बसू दे तिला. टाकी भरून दिलीय मी."